आमची वाटचाल: एका थेंबापासून

पॉलिथिनच्या फिल्मवर पाण्याचा थेंब टाका, मण्यासारखा गोल राहतो. शाई आणि गोंदाचीही तीच तऱ्हा. आमचा धंदा या थेंबाला पसरायला लावण्याचा.

सुरुवातीला आम्ही कोरोना ट्रीटमेंट, म्हणजे फिल्मच्या पृष्ठभागावर उच्च दाबाच्या विजेचा मारा, करून द्यायचो. डाइन म्हणजे पृष्ठभागावर द्रव किती पसरेल याचं माप; कोरं पॉलिथिन साधारण 31 डाइनचं, छपाईला निदान 38 तरी लागतात. रोल मशीनवरून उतरला की हे माप तपासणाऱ्या डाइन पेनची रेघ सलग उमटायची. काही आठवडे गोदामात पडला की त्याच रोलवर रेघ आकसून थेंब थेंब व्हायची. माल परत यायचा आणि गिऱ्हाइकाची तक्रार खरी असायची. टिकाऊ उपाय हवा होता, म्हणून सल्फोनेशनकडे वळलो.

कोरड्या हवेत मिसळलेला सल्फर ट्रायऑक्साइड फिल्मवरून फिरवायचा. पृष्ठभागावरच्या साखळ्यांतले काही हायड्रोजन निघून त्यांच्या जागी सल्फोनिक आम्लाचे गट बसतात. नंतर अमोनिया देऊन आम्ल मारायचं. हे गट थेट कार्बनला जोडलेले असतात, त्यामुळे परिणाम सहजी उतरत नाही.

सांगायला सोपं, पण या गॅसला ओलावा अजिबात चालत नाही. पहिला स्क्रबर, म्हणजे उरलेला गॅस धुऊन काढणारं यंत्र, आम्ही साध्या पाण्याचा बसवला, ती आमची सर्वांत मोठी चूक. गॅस पाण्यात विरघळण्याऐवजी वाफेशी भिडून त्याचं आम्लाचं धुकं होतं आणि ते पाण्याला दाद न देता चिमणीतून पांढरंशुभ्र बाहेर पडतं. त्याच दिवशी प्लांट बंद केला. आता गॅस आधी 98 टक्के सल्फ्युरिक आम्लात शोषला जातो, मग धुकं अडवणारी जाळी, शेवटी कॉस्टिक सोड्याचं द्रावण. या खर्चात काटकसर करू नये, असं माझं ठाम मत आहे.

दुसरा धडा वेळेचा. फिल्म गॅसमध्ये जास्त राहिली की तपकिरी होते, आणखी राहिली तर काळी पडून ठिसूळ होते. आमचे जुने ऑपरेटर पांढऱ्या कागदावर तुकडा ठेवून जी पिवळसर झाक ओळखतात, ती मला अजूनही चटकन दिसत नाही.

सध्या निकेल-मेटल हायड्राइड बॅटरीच्या सेपरेटरचं, म्हणजे तिच्या दोन इलेक्ट्रोडांमधल्या पडद्याचं, काम हातात आहे. पॉलिप्रॉपिलीनचं न विणलेलं कापड पोटॅशियम हायड्रॉक्साइडचं द्रावण पटकन प्यायलं पाहिजे आणि ताणाला तुटताही कामा नये. गॅस वाढवला की शोषण सुधारतं, पण धागा कमजोर होतो. म्हणून प्रत्येक रोलचे दोन तुकडे कापतो: एक द्रावणात बुडवायला, दुसरा ओढून पाहायला.