तुम्ही विचारलंत म्हणून: मुलांच्या हातात सुई कशी देता?

"एवढ्या लहान मुलांच्या हातात सुई कशी देतेस गं, टोचत नाही का त्यांना?" लिफ्टमध्ये, शाळेच्या गेटवर, भिशीला, जिथे जाईन तिथे कुणीतरी हे विचारतंच, आणि मग त्याच्या मागोमाग बाकीचे प्रश्न येतात, की मशीन लागतं का, सुरुवात कशापासून करायची, सामान कुठून आणतेस, आणि एवढं सगळं करण्यापेक्षा विकतचा टेडी काय वाईट आहे. दर सुट्टीत आमच्या हॉलमध्ये माझी दोन आणि बिल्डिंगमधली चार-पाच मुलं कापडाची खेळणी शिवत बसलेली असतात म्हणून हे विचारतात लोक. तर आता एकदा नीट लिहूनच टाकते.

टोचते. आमच्याकडे शिवायला बसलेल्या प्रत्येक मुलाला कधी ना कधी टोचलीये. थेंबभर रक्त येतं, बोट तोंडात जातं, आणि जरा वेळानं तेच मूल परत सुई घेऊन बसलेलं असतं, फक्त आता खालचं बोट सुईच्या वाटेतून बाजूला ठेवायला लागलेलं असतं, आणि हे आपण शंभर वेळा सांगून येत नाही. मला भीती वाटते ती हरवलेल्या सुईची. म्हणून आमच्याकडे सुया मोजून काढतात आणि मोजून परत ठेवतात, आणि एक जरी कमी भरली तरी कुणी जागचं उठत नाही. खाली पांढरी चादर अंथरते, रंगीत सतरंजीवर पडलेली सुई दिसत नाही. शेवटी फ्रीजवरचा मॅग्नेट चादरीवरून फिरवायचा, हे काम सगळ्यात लहान मुलाला द्या, फार मन लावून करतात. टाचण्या मी अजिबात वापरत नाही कारण त्या खेळण्याच्या आत राहून जातात आणि बाहेरून कळतसुद्धा नाही. कापड धरून ठेवायला कपडे वाळत घालायचे चिमटे किंवा केसांचे चाप पुरतात.

आणि सुई खरी द्या. साधारण पाच वर्षांच्या पुढे लोकरीची असते ना, मोठ्या नेढ्याची आणि बोथट टोकाची, ती स्टीलची सुई द्यायची. प्लॅस्टिकची कापडातून जातच नाही, मूल जोर लावतं, कापड गोळा होतं, आणि मग त्याला वाटतं की मलाच जमत नाहीये. तीन-चार वर्षांच्या मुलांना मी पुठ्ठ्याला भोकं पाडून बुटाची लेस देते, वरून खाली आणि खालून वर, तेवढंच, पण धावदोऱ्याची सगळी गंमत त्यात आलेली असते. दोरा मुलाच्या खांद्यापासून मनगटापर्यंत येईल एवढाच घ्यायचा. मोठ्यांना वाटतं लांब घेतला की सारखा ओवायला नको, पण लांब दोऱ्याला पीळ बसतो, गुंता होतो, आणि निम्मी मुलं त्या गुंत्यापाशीच सोडून देतात. दोरा दुहेरी करून टोकाला गाठ मारली की नेढ्यातून निसटतही नाही.

गाठ मारणं मात्र शिकवावं लागतं आणि त्याला वेळ द्यावा लागतो. दोऱ्याचं टोक तर्जनीभोवती एकदा गुंडाळायचं, अंगठ्यानं दाबून धरायचं, मग अंगठा पुढे सरकवत तो वेढा बोटावरून घरंगळत खाली आणायचा आणि ओढायचा. आपण ते एका क्षणात करतो म्हणून आपल्याला कळत नाही की त्यात किती गोष्टी आहेत, मुलांना अंगठा सरकवायचा आणि त्याच वेळी सोडायचं नाही हे दोन्ही एकदम जमायला बरेच दिवस जातात. माझ्या लेकीला पहिल्यांदा गाठ पडली तेव्हा तिनं नुसत्या गाठी मारमारून अख्खा दोरा संपवला, शिवलं काहीच नाही त्या दिवशी, आणि मी काही बोलले नाही कारण त्या दिवशीचं काम झालेलंच होतं.

टाक्यांचं म्हणाल तर आधी धावदोरा, तो हाताला बसला की काजटाका, म्हणजे कापडाच्या कडेला दोऱ्याचा फास अडकवत जायचं तो, आणि सातआठ वर्षांच्या मुलांना उलटी टीप, म्हणजे दर टाक्याला सुई जरा मागे नेऊन पुढे काढायची. मशीन नको. मशीनवर मूल नुसतं बघत बसतं.

आता जे मला खरं तर सगळ्यात आधी सांगायचं असतं आणि कुणी विचारत नाही ते. पॅटर्न इंटरनेटवरून काढू नका. प्लीज. मुलाच्या हातात कागद द्या आणि त्याला काढू दे काय काढायचं ते, आणि तेच शिवा. तयार पॅटर्न घेतला की समोर त्याचा फोटो असतो, गुळगुळीत, दोन्ही कान एकसारखे, आणि मूल प्रत्येक टाक्याला आपलं त्या फोटोशी ताडून बघतं आणि दर वेळी कमी पडतं. मग आई पुढे होते, "दे, मी जरा नीट करून देते" म्हणते, आणि बघता बघता सगळा ससा आईचा होतो. मुलाचं स्वतःचं चित्र असलं की ते कशाशीच ताडायचं नसतं, शिवून जे होईल तेच बरोबर.

माझ्या धाकट्यानं हत्ती काढला तेव्हा एकच कान काढला होता, कारण बाजूनं बघितलं की एकच दिसतो. मी दुसरा कान कापायला घेतला तर म्हणाला, "तो नाही दिसत इकडून." आम्ही एकाच कानाचा हत्ती शिवला. आल्यागेल्या सगळ्यांनी विचारलं की दुसरा कान कुठाय, आणि तो हत्ती उलटा करून दाखवला तर तिकडेही नाहीचे, पण त्याचं त्याला काही नाही, त्याच्या हिशोबात कान आहे आणि दिसत नाही. त्या दिवशी मी हौसेनं दुसरा कान लावून दिला असता तर तो हत्ती त्याचा राहिला नसता असं मला अगदी मनापासून वाटतं.

तुम्ही करायचं ते एवढंच, की चित्र कापडावर उतरवताना चारी बाजूंनी बोटभर मोठं करायचं, कारण भरल्यावर खेळणं फुगतं आणि रुंदीला आत ओढलं जातं. मुलं हातपाय काडीसारखे काढतात. तेवढे बारीक पाय शिवून सुलटे करताच येत नाहीत, म्हणून किमान दोन बोटं जाड ठेवायचे, आणि हे मुलाला आधीच सांगून, दाखवून करायचं. मान पण रुंद ठेवा, मान बारीक राहिली की डोकं लोंबतं.

कापड घरातलंच. पहिल्या खेपेला मी फेल्ट, म्हणजे तंतू दाबून केलेलं जाडसर कापड, देते कारण फेल्ट विणलेलं नसतं, त्याचे धागे सुटत नाहीत, उलटं-सुलटं करायचं नाही, दोन तुकडे एकावर एक ठेवून कडेनं काजटाका घालत जायचं, झालं. त्याच्यानंतर जुने कॉटनचे कुर्ते, आजीची विरलेली सुती साडी, मऊ असतं आणि मुलाच्या सुईला जातं. पण त्याला धागे सुटतात म्हणून कडेला अर्धा इंच सोडून शिवायचं. टी-शर्टचं कापड फार छान, पण ते ताणलं जातं, तर ताण पोटाच्या आडव्या बाजूला येईल असं कापायचं, उभा आला की मांजराची घोरपड होते. जीन्स नको, मुलांच्या बोटांनी ती जात नाही. आणि अगदीच कंटाळलेल्या मुलासाठी मोजा. एकटा उरलेला मोजा प्रत्येक घरात असतोच, त्याचा बोटांकडचा भाग मधोमध चिरला की दोन कान, ते शिवले, टाचेपर्यंत भरलं, गळ्यापाशी दोरा बांधला की एका दुपारी ससा तयार.

भरायला कापूस घेऊ नका असं मी सांगते आणि आमच्या सासूबाईंना ते पटत नाही, त्यांच्या लहानपणी चिंध्यांच्या बाहुलीत चिंध्या नाहीतर कापूसच असायचा आणि त्याच बाहुलीचं थाटात लग्न लावायचे म्हणतात. खरंय, पण कापूस धुतला की त्याचे गोळे होतात आणि पुण्यातल्या जुलै-ऑगस्टमध्ये तो आतून वाळतच नाही, कुबट वास मारतो. जुनी फायबरची उशी फोडली की खेळण्यांची एक अख्खी फौज भरून होते. उन्हाळ्यात सावरीची बोंडं फुटून रस्त्याकडेला कापूस उडत असतो, तो गोळा करून मुलं आणतात, दिसायला रेशमासारखा असतो पण फार सुळसुळीत आणि हलका, नाकातोंडात जातो, तो मी नाही वापरू देत.

भरायचं काम पूर्ण मुलाचं, त्यात हात घालू नका. चिमूट चिमूट घ्यायची, आधी पायांची टोकं, कान, सोंड, मग पोट. पेन्सिलीच्या मागच्या टोकानं ढकलायचं. मुठीनं भरलं की गाठी होतात, त्या वरून हाताला लागतात आणि त्याचं त्यालाच कळतं. एरवी दोन मिनिटं स्वस्थ न बसणारं आमच्या बिल्डिंगमधलं एक पोरगं हत्तीचा एक पाय भरत अर्धा तास बसलं होतं, मधून मधून तो पाय गालाला लावून बघायचं आणि "अजून थोडं" म्हणून परत भरायचं.

हत्ती शिवताना मी मुलांना मार्गारेट श्टाइफची गोष्ट सांगते. जर्मनीतल्या गिंगेन गावची ही बाई, 1847 चा जन्म, दीड वर्षाची असताना पोलिओ झाला, पाय गेले, उजवा हातही नीट चालेना, तरी शिवण शिकली आणि फेल्टचे कपडे शिवायचं स्वतःचं काम सुरू केलं. 1880 मध्ये तिनं फेल्टचा छोटा हत्ती शिवला, तो होता सुया टोचून ठेवायला, पिनकुशन म्हणून. मुलांनी तो खेळायलाच घेतला. त्यातून पुढे खेळण्यांचा कारखाना उभा राहिला, 1902 मध्ये तिच्या भाच्यानं हातपाय हलणारं अस्वल केलं, आणि त्याच सुमाराला तिकडे अमेरिकेत अध्यक्ष थिओडोर ऊर्फ टेडी रूझवेल्टच्या शिकारीवरच्या कार्टूनवरून ब्रुकलिनच्या एका दुकानदार नवराबायकोनं शिवलेल्या अस्वलाला टेडी नाव पडलं. मुलांना यातलं पिनकुशनचं सगळ्यात आवडतं. आमच्याकडे बहुतेक सगळ्यांचं पहिलं शिवण म्हणजे पिनकुशनच असतं, आणि ते पुढे कशात वापरायचं ते त्यांचं ते ठरवतात.

डोळ्यांबद्दल मात्र मी कडक आहे. घरात तीन वर्षांच्या आतलं मूल असेल तर बटणं, मणी, चिकटवायचे हलते डोळे काहीही नाही, डोळे दोऱ्यानं भरायचे, गाठीचा टाका किंवा नुसती फुली. तीन वर्षांच्या आतल्या मुलांच्या खेळण्यांचे सुटे भाग तपासायला 31.7 मिलिमीटर व्यासाची एक नळी असते, तिच्यात जो भाग मावतो तो घशात अडकू शकतो असं धरतात. शर्टाचं बटण त्यात सहज मावतं. मोठ्या मुलांना बटण चालेल, पण ते दुहेरी दोऱ्यानं चार-पाच वेळा घेऊन पक्कं करायचं आणि मग मुलालाच सांगायचं जोरात ओढून बघ. काही जणी विचारतात, मुलांनी केलेली खेळणी प्रदर्शनात विकू का. आपल्याकडे 1 जानेवारी 2021 पासून खेळण्यांना आयएसआय मार्क सक्तीचा आहे, नोंदणीकृत हस्तकला कारागिरांना त्यातून सूट आहे, तेव्हा विकायचा विचार असेल तर आधी ते सगळं नीट समजून घ्या. आम्ही विकत नाही.

"मुलगा पण शिवतो?" हेही विचारतात, आणि जरा वेगळ्या सुरात विचारतात. तुमचे ब्लाउज, पँट्स अल्टर करून देणारे टेलरकाका कोण आहेत मग? नामदेव महाराज शिंप्याच्या घरातले. स्टुटगार्टमध्ये 1919 साली पहिली वॉल्डॉर्फ शाळा निघाली तिथे मुलामुलींना एकत्र बसवून विणकाम-शिवणकाम शिकवायचे, 1937 मध्ये वर्ध्याला गांधीजींनी नई तालीम मांडली तीही हातानं काम करत शिकण्याचीच. माझा मुलगा शाळेच्या पँटचं हुक स्वतः लावतो. मला त्याचा फार अभिमान आहे.

विकतचा टेडी वाईट नाही, आमच्याकडेही आहेत, वाढदिवसाला येतात, माळ्यावर जातात. शिवलेल्याचं तसं होत नाही. काखेत नाहीतर पायाच्या बेचक्यात उसवलं की मूल तो घेऊन येतं, सुईदोरा मागतं, आणि आपलं आपण शिवतं, कारण तिथे कसं शिवलंय ते त्याला माहीत असतं. धुवायचं असलं की जुन्या उशीच्या अभ्र्यात घालून तोंड बांधून मशीनला टाकायचं.

सामानासाठी पुण्यात मेट्रोनं मंडईला उतरा आणि रविवार पेठेत बोहरी आळीत जा, फेल्ट, लोकरीच्या सुया, भरतकामाचा दोरा सगळं तिथे मिळतं. सकाळी जा, आणि दिवाळीच्या तोंडावर मुलांना घेऊन जाऊ नका, पाय ठेवायला जागा नसते. एरवी मात्र न्याच, रंग त्यांना निवडू दे, हत्ती हिरवा म्हणाले तर हिरवा घ्या. चिंध्या कोपऱ्यावरचे टेलरकाका पिशवी भरून देतात, मागायला लाजू नका. उशी घरातलीच फोडा.