मांसाचं काय, ते शिजेलच

स्लो कुकर या सावकाश शिजवणाऱ्या विजेच्या भांड्यातल्या कॉर्न्ड बीफची, म्हणजे खारवलेल्या गोमांसाची, जेवढी काळजी केली जाते, ती बहुतेक सगळी चुकीच्या जागी खर्च होते. मांसाला किती तास द्यायचे, चरबीची बाजू वर ठेवायची की खाली, यावर अमेरिकेतल्या घरांत दर मार्चमध्ये वाद झडतात. तोवर इकडे तळाशी बटाटे कच्चे राहतात आणि वर कोबीचा लगदा होतो. मांस बिचारं सांभाळून घेतं, अर्धा तास इकडेतिकडे झालं तरी रुसत नाही. भाज्यांचं तसं नाही. प्रत्येकीची वेळ वेगळी, जागा वेगळी, आणि एकीचं चुकलं की वास सगळ्या भांड्याला लागतो.

हे जेवण १७ मार्चचं, सेंट पॅट्रिक्स डेचं. आयरिश म्हणून मिरवतं, पण खुद्द आयर्लंडमधली जुनी जोडी म्हणजे डुकराचं खारवलेलं मांस आणि कोबी. सतराव्या-अठराव्या शतकात कॉर्क बंदरातून खारवलेलं गोमांस जहाजं भरभरून परदेशी जाई. ते खारवणाऱ्या मुलखातल्या गरिबाच्या ताटात मात्र क्वचितच पडे. एकोणिसाव्या शतकात हीच माणसं न्यूयॉर्कला आली, तेव्हा ज्यू खाटिकांच्या दुकानात छातीकडचं ब्रिस्केट त्यांना परवडू लागलं. गंमत म्हणजे भांड्याचं मूळही ज्यूंकडचंच. आर्व्हिंग नॅक्सन या संशोधकाने आईकडून लिथुआनियातल्या ‘चोलंट’बद्दल ऐकलं होतं. शब्बाथला, म्हणजे आठवड्याच्या विश्रांतीच्या वारी, चूल पेटवायची नाही म्हणून ज्यू घरांतून आदल्या संध्याकाळीच बेकरीच्या निवत्या भट्टीत ठेवलं जाणारं ते कालवण. त्यावरून त्याने विजेचं भांडं बनवलं आणि १९४० मध्ये पेटंट मिळवलं. १९७१ मध्ये तेच ‘क्रॉक-पॉट’ नावाने घरोघर गेलं. आयरिश सणाच्या या ताटात आयरिश किती आणि लिथुआनियाचं किती, हा हिशेब न केलेला बरा. त्यात हा दिवस येतो ख्रिस्ती उपवासाच्या चाळीस दिवसांत. २०२३ मध्ये तो नेमका शुक्रवारी आला, मांस वर्ज्य असलेल्या वारी, आणि बऱ्याच अमेरिकन बिशपांनी त्या दिवसापुरती सूट देऊन टाकली.

महाराष्ट्रात संपूर्ण गोवंशाच्या कत्तलीला २०१५ पासून कायद्यानेच बंदी आहे, त्यामुळे पुढचं सगळं बॉस्टन, न्यू जर्सी, शिकागोकडच्या स्वयंपाकघरांसाठी. त्यातही ज्यांच्याकडे हे चालतं त्यांच्यासाठी.

मार्च लागला की दुकानांत ब्रिस्केटची पाकिटं स्वस्त होतात. ब्रिस्केट म्हणजे जनावराच्या छातीचं मांस. गुरांना गळपट्टीचं हाड नसतं, त्यामुळे पुढच्या अंगाचा बराच भार या स्नायूंवर येतो. म्हणून ते चिवट, आणि म्हणूनच सावकाश शिजवण्याजोगं. पाकिटावर ‘फ्लॅट’ किंवा ‘पॉइंट’ लिहिलेलं असतं. फ्लॅट सपाट, कमी चरबीचा, धागे सगळे एका दिशेने, त्यामुळे काप देखणे पडतात. पॉइंट जाड आणि चरबीचा, धागे वाटेल तिकडे वळलेले. पाहुण्यांसमोर मांडायचं असेल तर फ्लॅट घ्यावा. चवीचं विचाराल तर पॉइंट. पण दुकानदार फ्लॅटच पुढे करतात, कारण तो दिसायला नीटस असतो.

पाकिटातलं मांस गुलाबी दिसतं आणि तासन्‌तास शिजवूनही गुलाबीच राहतं. ही करामत सोडियम नायट्राइटची. मांसातल्या लाल द्रव्याशी त्याचा संयोग होतो आणि तो रंग उष्णतेने पक्का होतो. न्यू इंग्लंडकडे नायट्राइट न घालता खारवलेलं करड्या रंगाचं मांसही मिळतं. दिसायला उदास, चवीला खासं. रंगावरून शिजलं की नाही ते कळत नाही, ही गोष्ट इथेच लक्षात ठेवायची.

घरी खारवायची हौस असेल तर एक धोक्याची सूचना. इथल्या पाककृतींत ‘पिंक सॉल्ट’ लिहिलेलं असतं ते उपासाचं सैंधव नव्हे आणि हिमालयन मीठही नव्हे. त्याच्या शंभर ग्रॅममध्ये सव्वासहा ग्रॅम सोडियम नायट्राइट असतं, बाकी साधं मीठ. चुकून कुणी जेवणात वापरू नये म्हणूनच त्याला गुलाबी रंग दिलेला असतो. कोरडं चोळायचं असेल तर किलोभर मांसाला अडीच ग्रॅम, आणि तेही काट्यावर मोजून, चमच्याने नव्हे. आपल्याकडे हे काम सोऱ्याने, म्हणजे पोटॅशियम नायट्रेटने, होत आलंय. गोव्यातल्या आणि मुंबई-वसईकडच्या ख्रिस्ती घरांत मीठ, लिंबू आणि सोरा चोळून जीभ मुरवतात, त्यातही गुलाबी रंग येतो तो सोऱ्यापासून तयार होणाऱ्या नायट्राइटमुळेच.

आता मापं. साडेपाच-सहा लिटरचं लांबट भांडं, दीड किलो फ्लॅट, सातशे ग्रॅम लहान लाल बटाटे, चारशे-पाचशे ग्रॅम गाजरं, एक मोठा कांदा, चार पाकळ्या लसूण, आठशे ग्रॅमचा कोबीचा गड्डा. पाकिटातलं पाणी ओतून द्यायचं आणि मांस वाहत्या पाण्याखाली धुवायचं. ते पाणी म्हणजे निव्वळ खारट मुरवण, ‘चव जाईल’ म्हणून ते भांड्यात ओतणाऱ्याचं जेवण घशाखाली उतरत नाही. मांस जास्तच खारट असल्याची शंका असेल तर आधी गार पाण्यात घालून फ्रिजमध्ये तासभर ठेवावं, मधे एकदा पाणी बदलावं. वरून मीठ अजिबात घालायचं नाही, बटाट्यांसाठी म्हणूनही नाही. आठ तासांत मांस स्वतःचं मीठ सगळ्यांना वाटतं.

सोबत मसाल्याची पुडी असते. मोहरी, धणे, मिरे, ऑलस्पाइस, कधी बाळंतशेपा, कधी लवंग. ऑलस्पाइस हे मिऱ्यासारखं सुगंधी फळ सोडलं तर सगळी आपल्या ओळखीची मंडळी, पण इथे ती कुणी भाजत नाही, कुटत नाही, फोडणीलाही घालत नाही. फोडणीच्या हाताला हे बघवत नाही, तरी हात आवरावा. दिवसभराच्या ऊबेत ते नुसते भिजून वास सोडतात. पुडी मलमलच्या तुकड्यात बांधली तर जेवताना मिरे दाताखाली येत नाहीत. पुडीतलं पान मात्र आपलं तमालपत्र नाही. आपल्या पानावर देठापासून निघालेल्या तीन उभ्या शिरा असतात आणि वास दालचिनीकडे झुकतो. यांच्या पानाला एक मधली शीर आणि जरा औषधी वास. अदलाबदल केली तर बिघडत काही नाही, पण जेवण निराळं होतं.

रचना खालून वर. सगळ्यात खाली कांद्याच्या जाड चकत्या आणि लसूण, त्यावर बटाटे आणि गाजरं, त्यावर मांस, चरबीची बाजू वर. ही चरबी वितळून मांसात मुरते असं सांगतात, ते काही खरं नाही. पण मांसाचा जो भाग पाण्याबाहेर राहतो तो तिच्यामुळे कोरडा पडत नाही. पाणी तीन ते चार कप, भाज्या बुडतील आणि मांस अर्धं भिजेल एवढंच. या भांड्यात वाफ बाहेर जातच नाही म्हटलं तरी चालेल, त्यामुळे जेवढं ओताल तेवढं, किंबहुना थोडं जास्तच, शेवटी सापडतं.

बटाटे मांसाखाली का, तर या भांड्यात कंदमुळं मांसापेक्षा हट्टी ठरतात. मांसातला चिवटपणा सत्तर अंश सेल्सिअसच्या पुढे विरघळायला लागतो. भाजीच्या पेशींना धरून ठेवणारं पेक्टिन मात्र साधारण पंच्याऐंशीच्या पुढे गेल्याशिवाय सुटत नाही. त्याहून वाईट म्हणजे पन्नास ते पासष्ट अंशांच्या टप्प्यात भाजी फार रेंगाळली, तर तिच्यातलंच एक विकर पेक्टिनला आणखी घट्ट करून ठेवतं. मग नंतर कितीही तापवा, फोड कडकच. स्लो कुकर नेमका त्याच टप्प्यातून रमतगमत जातो. उपाय दोन. बटाट्याची फोड चार सेंटिमीटरपेक्षा मोठी नको, गाजराची त्याहून लहान, आणि पाणी गार न ओतता चांगलं गरम ओतायचं. मात्र रात्रीच सगळं भरून मातीचं आतलं भांडं फ्रिजमध्ये ठेवलं असेल, तर त्यात उकळतं पाणी ओतू नये, तडा जातो. चिरलेलं सामान वेगळ्या डब्यात ठेवावं.

पाण्याऐवजी काळी स्टाउट बिअर घालायची पद्धत आहे. चव छान येते, पण तिच्या आंबटपणाने पेक्टिन आणखी अडून बसतं. बिअर एक कप, बाकी पाणी, हे प्रमाण बटाट्यांना सोसतं. व्हिनेगर हवंच असेल तर ताटात. बटाटा लाल सालीचा, चिकट जातीचा घ्यावा. भाजून खायचा पिठूळ रसेट आठ तासांत विरून जातो.

मग झाकण. ‘लो’वर आठ ते नऊ तास किंवा ‘हाय’वर साधारण पाच. दोन्ही खटके शेवटी जवळपास सारख्याच तापमानाला पोचतात, उकळीच्या जरा खाली, फरक फक्त पोचायला लागणाऱ्या वेळाचा. झाकण उचलून बघितलं की वीस-तीस मिनिटं वाढली असं धरायचं. कुकरच्या शिट्टीवर वाढलेल्या माणसाला हे जड जातं, कारण हे भांडं दिवसभर काही बोलतच नाही. भांडंच नीट तापतं का, याचीही परीक्षा आहे. अर्ध्याहून थोडं जास्त पाणी भरून ‘लो’वर आठ तास ठेवायचं आणि झाकण काढल्या काढल्या तापमान मोजायचं. पंच्याऐंशी ते त्र्याण्णव अंश आलं तर भांडं चांगलं. कमी आलं तर त्यात मांस शिजवू नये. जास्त आलं तर वेळ तासाभराने कमी करावा. आणि मांस गोठलेलं कधीच टाकू नये, ते जिवाणूंच्या आवडत्या तापमानात फार वेळ घालवतं. हे भांडं घरात आहेच म्हणून त्यात कुणी भिजवलेला राजमा थेट टाकत असेल, तर तेही थांबवावं. राजम्यातलं विष मारायला दहा मिनिटं खळखळून उकळी लागते, ती इथे येत नाही.

काटा खुपसून पिळला की तो सहज फिरला पाहिजे, आत थर्मामीटरवर नव्वद ते पंच्याण्णव. मांस रबरासारखं लागलं की लोक म्हणतात, जास्त शिजलं. बहुतेक वेळा उलट असतं. अजून तासभर ठेवलं की तेच नरम पडतं. खरोखर जास्त शिजलेला फ्लॅट रबर होत नाही, त्याच्या कोरड्या दोऱ्या होतात, आणि त्यावर उपाय नाही.

आता कोबी. सकाळी सगळ्यांबरोबर कोबी टाकणं हा या पदार्थातला सगळ्यात मोठा गुन्हा, आणि तो बहुसंख्येने होतो. कोबी जितका शिजेल तितके त्याच्यातले गंधकाचे वास सुटतात. आठ तासांनी घराला जो वास येतो तो कॉर्न्ड बीफचा समजला जातो, असतो तो कोबीचा. गड्ड्याच्या सहा उभ्या फोडी कराव्यात, प्रत्येकीला मधला दांडा थोडा राहील अशा, म्हणजे पानं सुटत नाहीत. ‘लो’वर शेवटचा दीड तास, ‘हाय’वर पाऊण ते एक तास. एव्हाना मांस आक्रसून तिसऱ्या हिश्शाने लहान झालेलं असतं, म्हणून वर जागा होते. तरी झाकण बसत नसेल तर दाबून बसवू नये.

त्याहून बरं म्हणजे कोबी या भांड्यात घालूच नये. मांस काढून फॉइलमध्ये गुंडाळून ठेवावं. पसरट पातेल्यात भांड्यातला रस्सा दोन-तीन पळ्या घ्यावा, त्यात कोबीच्या फोडी ठेवून झाकून गॅसवर बारा-पंधरा मिनिटं शिजवाव्यात आणि वर लोणी सोडावं. पान हिरवट राहतं, दांड्याला दात लागतो, वास घरभर होत नाही. एक पातेलं जास्त पडतं, आणि ‘सगळं एकाच भांड्यात’ म्हणणारे नाराज होतात. होऊ द्यावं.

मांस पंधरा-वीस मिनिटं निवल्यावर कापायचं, धाग्यांना आडवं, पेन्सिलीच्या जाडीचं. धाग्यांची दिशा मांस शिजण्याआधीच बघून एका कोपऱ्याचा तुकडा आडवा छाटून ठेवला, तर नंतर शोधत बसावं लागत नाही. शिजल्यावर चरबीखाली ती दिसेनाशी होते. उभे काप पडले तर दिवसभराची मेहनत दातांत अडकते. सोबत दाणेदार मोहरीची चटणी किंवा आंबट सायीत कालवलेलं हॉर्सरॅडिश, म्हणजे एक झणझणीत मूळ. दीड किलोच्या मांसातून किलोभरच हाती येतं, चौघांना पोटभर.

उरलं तर दुसऱ्या दिवशी गारच कापावं, काप कागदासारखे पातळ निघतात आणि राई ब्रेडमध्ये सावरक्राउट (आंबवलेला कोबी) व स्विस चीजबरोबर भाजता येतात. चुरा आणि उरलेले बटाटे लोखंडी तव्यावर लोण्यात पसरून न हलवता लाल होऊ द्यायचे, मग उलटून वर अंडं. रस्सा गाळून फ्रिजमध्ये ठेवला की चरबीची साय वर धरते, ती काढून टाकायची. खाली राहतं ते फार खारट असतं. एकाला दोन भाग पाणी घालून त्यात सुके वाटाणे शिजवावेत, आणि मीठ मात्र वाटाणे शिजून चाखून बघेपर्यंत हातात घेऊ नये.