आमची वाटचाल: आधी अंदाज, मग उत्तर

गोव्यातल्या कुंडईच्या औद्योगिक वसाहतीत भाड्याच्या शेडमध्ये कॉलेजच्या लॅबसाठी पहिला प्रयोगसंच जोडला, तेव्हा माणसं तीन: मी, धाकटा भाऊ आणि एक वेल्डर. दोन टाक्या, पंप, कंट्रोल व्हॉल्व्ह, पातळी मोजून ४ ते २० मिलिअँपिअरचा सिग्नल देणारा लेव्हल ट्रान्समीटर आणि त्यावरून व्हॉल्व्ह किती उघडायचा ते ठरवणारा पीआयडी कंट्रोलर. इंजिनिअरिंगच्या मुलांनी टाकीतली पातळी ठरल्या जागी, म्हणजे सेटपॉइंटला, धरून ठेवायची.

संच खपायचे. पण ते बसवून झाल्यावर लॅबमध्ये थांबलो की जीव तुटायचा. मुलं गेल्या वर्षीच्या जर्नलमधून रीडिंग उतरवायची. झीगलर-निकोल्सची १९४२ सालची ट्यूनिंगची, म्हणजे कंट्रोलरचे आकडे ठरवायची, सूत्रं तोंडपाठ, पण गेन (पातळी चुकली की कंट्रोलर किती जोराने व्हॉल्व्ह हलवतो ते) वाढवला की पातळी का डोलते, हे सांगता यायचं नाही.

म्हणून संचाला कृत्रिम बुद्धिमत्तेचा मदतनीस जोडला. पहिली खेप फसली. एका कॉलेजात मुलाने विचारताच मदतनीसाने इंटिग्रल टाइम (उरलेली चूक कंट्रोलरने किती वेगाने भरून काढायची ते ठरवणारा आकडा) सांगून टाकला: ०.५. तो आकडा मिनिटांतला होता. आमचा कंट्रोलर सेकंद धरतो. पातळी हेलकावे खाऊ लागली, टाकी काठावरून वाहिली, मुलाची वही भिजली. चूक आमचीच होती.

आता मदतनीस व्हॉल्व्हला हात लावू शकत नाही. पाणी फार चढलं तर फ्लोट स्विच थेट तारेवरून पंप बंद करतो, मध्ये सॉफ्टवेअर नाही. आणि तो आयते आकडे देत नाही. ‘गेन दुप्पट केलास तर आलेख कसा होईल, काढून दाखव,’ म्हणतो. मुलगी स्क्रीनवर बोटाने रेघ ओढते. प्रयोग चालू होतो आणि तिच्या रेघेशेजारी खरी रेघ सरकू लागते. फरक पडला की पुढचा प्रश्न: व्हॉल्व्ह हलल्यावर पातळी हलायला किती सेकंद लागले? मुलं स्टॉपवॉच काढतात. हा क्षण बघायला मी अजून स्वतः जातो.

वर्गात मी सुरुवात खाजनातल्या, म्हणजे खाडीकाठच्या बांध घातलेल्या शेतातल्या, मानशीने (पाणी अडवणाऱ्या-सोडणाऱ्या दारांनी) करतो. तिची दारं भरतीच्या रेट्याने मिटतात, ओहोटीला आतल्या पाण्याने उघडतात. ना वीज, ना सेन्सर. मागे चोडणच्या एका मुलीने विचारलं, ‘सर, मग मानशीचा सेटपॉइंट कुठे असतो?’ मला पटकन सांगता आलं नाही.

त्या प्रश्नापायी मानशीचा छोटा संच सध्या शेडमध्ये जोडतोय. दारं सागवानी केलीत, बिजागऱ्या अजून अडकतात.