बारा ठिपके

सुवर्णमहोत्सवी अंकासाठी ‘शाळेची एखादी गोड आठवण’ लिहा, असं पत्र आलं. गोड म्हणता येईल की नाही कोण जाणे, पण नववीच्या वर्षातलं माझ्याजवळ एवढंच उरलंय.

त्या सुट्टीत दादा गेला. शाळा उघडली तेव्हा मैत्रिणी माझ्याशी जपून बोलायच्या, म्हणजे बोलायच्याच नाहीत. मी हजेरीला नुसता हात वर करायचे. घरी त्याचं नाव कुणी काढत नव्हतं. महिनाभराने वर्गशिक्षिका बाईंनी मला थांबवून घेतलं. आता समजूत घालणार म्हणून मी मान खाली घातली. त्या म्हणाल्या, “दहावीत एक मुलगा आहे, त्याला दिसत नाही. इतिहासाचं पुस्तक ब्रेलमध्ये मिळालेलं नाही. उद्यापासून शाळा सुटल्यावर त्याला वाचून दाखवायचं.” जमेल का, असं विचारलंसुद्धा नाही.

पहिल्या दिवशी आवाज घशातच अडकत होता. पान संपल्यावर तो म्हणाला, “हे वाचणं नाही, पळणं झालं. परत वाच.” मला राग आला. किती दिवसांनी कशाचा तरी राग आला होता, आणि खरं सांगायचं तर बरं वाटलं.

मी वाचायचे, तो ब्रेलच्या पाटीवर टिपणं काढायचा. जाड कागद पाटीत अडकवून टोकदार सळईने एकेक ठिपका दाबायचा, तोही उजवीकडून डावीकडे, प्रत्येक अक्षर उलटं. मग कागद पालथा केला की उठाव वर येतात आणि बोट डावीकडून उजवीकडे सरळ वाचत जातं. सहा ठिपक्यांच्या जागेत सगळी अक्षरं बसतात. लुई ब्रेलने ही लिपी शोधली तेव्हा तो जेमतेम आमच्याच वयाचा होता, हेही त्यानेच सांगितलं, जरा ऐटीत. दुःख कमी झालं असं मी म्हणणार नाही. तेवढा तास त्याला दाराबाहेर थांबावं लागायचं, इतकंच.

एकदा दोन ओळींतच त्याने थांबवलं. “आज आवाज वेगळा येतोय.” दादाचा वाढदिवस होता. मी सगळं सांगून टाकलं. तो काही बोलला नाही. पाटीवर टकटक केली, कागद पालथा केला आणि माझं बोट त्यावर ठेवलं. “‘दादा’. द चे तीन ठिपके, कान्याचे तीन. पुन्हा तसंच. झाले बारा.” मग म्हणाला, “हं, पुढचं वाच.”

परीक्षेत त्याची लेखनिक मीच. बॅस्टिलचा पाडाव कधी झाला? “१७९८,” तो ठामपणे म्हणाला. १७८९ मी त्याला तीनदा तरी वाचून दाखवलं होतं. पण लेखनिकाने सांगितलं तेच लिहायचं असतं. लिहिलं.

बाहेर आल्यावर पायरीवरच थबकला. “एकोणनव्वद होतं ना गं?”

“हो.”

“आणि तू अठ्ठ्याण्णव लिहिलंस?”

“तू सांगितलंस तेच लिहिलं.”

“गाढव आहेस,” म्हणाला आणि इतका हसला की मलाही हसू आवरेना.

रात्री आईला हे सांगताना पुन्हा हसू आलं. आईही हसली. मग ताट पुसता पुसता म्हणाली, “दादा पण आकडे असेच उलटे करायचा.”