पाणथळीला पोकलेन नको, बूच हवं

पुण्यात पाणथळ जागा ‘सुधारायची’ म्हटलं की आधी पोकलेन येतो. खोलीकरण होतं, कडेने गाळाचे ढीग लागतात, तळं मिळतं. पाणथळ मात्र जाते. शेकाट्या, तुतवार या पक्ष्यांना घोटाभर पाणी आणि उतरता काठ लागतो.

पाणी टिकत नाही याचं कारण बहुधा खोली नसतंच. शेतासाठी किंवा प्लॉटसाठी खणलेला एखादा चर असतो, नाहीतर रस्त्याखाली गरजेपेक्षा खोल टाकलेला पाइप. सगळ्या जागेतल्या पाण्याची पातळी सर्वात खालची फट ठरवते. पाणसळ लावून आधी ती शोधा; गवंड्याची पारदर्शक नळीही चालते.

मग बूच, म्हणजे चर अडवणारा मातीचा आडवा भराव. चर मीटरभर खोल असेल तर चराच्या दिशेने बुचाची लांबी किमान ३ मीटर, आणि ते दोन्ही काठांत व तळात अर्धा मीटर घुसलेलं. तळातला गाळ नि मुळ्या आधी उपसा, नाहीतर पाणी तिथूनच वाट काढतं. माती मुठीत लाडू वळेल इतकी ओली, १५ सेंमीचे थर, प्रत्येक थर धुमसलेला. माथा शेजारच्या जमिनीपेक्षा २० सेंमी उंच, कारण पाणी बुचावरून उडायचं नाही, बाजूला पसरायचं आहे. लागोपाठच्या दोन बुचांच्या माथ्यांत २५ सेंमी उंचीचा फरक ठेवायचा. १०० मीटरला १ मीटर उतार असेल तर दर २५ मीटरला एक. काम वरून खाली.

खरी गोम मातीत आहे. काळी माती पाणी अडवते, पण मे महिन्यात भेगाळते, आणि जूनचं पहिलं पाणी त्या भेगांत शिरून बूच आतून पोखरतं. नुसता मुरूम पाझरतो. म्हणून धरणासारखंच करा: आत काळ्या मातीचं हार्टिंग (गाभा), वरून ३० सेंमी मुरमाचं केसिंग (आवरण), त्यावर गवत. खेकड्यांची बिळं तरीही बघावी लागतातच.

पाणथळीला ओढा जोडताना उंबरा, म्हणजे पाणी आत येतं त्या तोंडाचा तळ, उन्हाळ्यातल्या प्रवाहाच्या वर ठेवा. आपल्या ओढ्यांत उन्हाळ्यात वाहतं ते बहुतेक सांडपाणी. ते आत आलं की जलपर्णी आलीच.

पहिल्या मोठ्या पावसानंतर बुचाची खालची बाजू तपासा. नितळ पाझर चालेल. गढूळ पाणी म्हणजे आतली माती वाहतेय: तात्पुरत्या वाळूच्या गोण्या लावा, पाणी उतरल्यावर उकरून पुन्हा भरा.