पाणी सोडलं की भिंत पडते

आंबेगाव तालुक्यात, भीमाशंकरच्या डोंगरात मी बारा वर्षं पडकईची कामं केली. ज्यांना हा शब्द माहीत नाही त्यांच्यासाठी: डोंगरउतारावर दगडाचा ताल रचायचा, त्याच्या मागे माती ओढून खाचर सपाट करायचं आणि त्यात भात लावायचा. काम सगळ्यांनी मिळून, आज तुझ्या रानात, उद्या माझ्या. पुढे ही पडकई सरकारी योजनेत बसली, मोजमाप पुस्तक आलं, आणि त्या पुस्तकाबरोबर माझ्यासारखा मृदसंधारणवाला आला.

म्हणून फिलिपिन्समध्ये लोस बान्योसला, आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेत प्रशिक्षणाला गेलो तेव्हा सलग तीन दिवसांची सुट्टी तिथल्या डोंगरातल्या भातखाचरांच्या गावात, बताडलाच घालवायची हे आधीच ठरलेलं होतं. सोबतचे समुद्रावर गेले. मी बॅगेत वही, टेप आणि पाणपातळी बघायची पारदर्शक नळी टाकली आणि मनिलातून रात्रीची बस धरली.

सकाळी बनावे या गावी उतरलो. खिशातल्या वीस पेसोच्या नोटेवर इथली खाचरं छापलेली आहेत, आणि सगळे फोटो काढतात तेही इथेच. पण युनेस्कोने १९९५ साली जागतिक वारसा म्हणून जे पाच समूह घेतले त्यात हा समोरचा देखावा नाही. बनावेच्या हद्दीतले बताड आणि बांगआन आहेत, बाकीचे मायोयाओ, हुंगदुआन आणि नागाकादान. बताडला जायला जीपनी, म्हणजे जीपसारखी लांबट प्रवासी गाडी, आणि जीपनीने हात टेकले की पाय.

शेवटचं वळण उतरलो आणि थांबलो. अर्ध्या वाडग्याच्या आकाराचा डोंगर, तळापासून वरपर्यंत दगडी भिंतींच्या ओळी, आणि प्रत्येक ओळीवर पाणी. फेब्रुवारी महिना, लावणी चालू. आमच्याकडे या महिन्यात खाचरात क्रिकेट चालतं.

वाटाड्या तिशीतला मुलगा होता. त्याने सरळ खाचराच्या कडेवर पाय ठेवला आणि चालायला लागला. वीतभर रुंद कड, एका बाजूला चिखल, दुसऱ्या बाजूला पुरुषभर खोल भिंत. मी आयुष्यभर बांधांवरून चाललेला माणूस, त्यामुळे जरा ऐटीतच निघालो आणि विसाव्या पावलाला चिखलाच्या बाजूला गेलो. मांडीपर्यंत. रोपं लावणाऱ्या बायका कमरेत वाकलेल्या होत्या, त्या हसायला सरळ झाल्या. एकीने वही उचलून दिली. माझी टोपी मात्र तिने आधी स्वतः घालून बघितली.

पुढे एका ठिकाणी भिंत ढासळलेली. दोनेक मीटरची फट, खाली दगड-मातीचा ढीग. सात-आठ माणसं साखळी करून दगड वर देत होती. त्यांच्यात एक म्हातारे. सगळे त्यांना ‘अपो’ म्हणत होते, म्हणजे आपल्याकडचे आजोबाच. ते दगड हातात घेत, फिरवत, एक बाजू अंगठ्याने चाचपत आणि बसवत. बसला नाही तर घासूनपुसून बसवायच्या भानगडीत न पडता परत देत. मीही साखळीत उभा राहिलो. माझे तीन दगड परत आले.

जेवणाआधी माझ्यातला अभियंता जागा झाला. मागे एवढं पाणी कोंडलेलं, आणि भिंतीत पाणी निघायला एकही भोक नाही! वाटाड्यामार्फत म्हटलं, “अपो, वरचं पाणी सोडून द्या, खाचर कोरडं होऊ द्या. भिंतीवरचा भार कमी होईल.”

म्हाताऱ्याने माझ्याकडे जरा जास्तच वेळ बघितलं. मग उठले, माझं मनगट धरून दोन खाचरं पलीकडे घेऊन गेले. ते खाचर पडीक होतं. माती तडकलेली, भेगेत माझा हात मनगटापर्यंत गेला. त्यांनी काठीने कडेची माती उकरली. आत बोटाएवढ्या जाडीची बिळं.

“गांडुळं,” वाटाड्या म्हणाला. “लांबच लांब असतात. कोरड्यात वाढतात, कड पोखरतात. आणि पहिला मोठा पाऊस या भेगांतून आत शिरला की भिंत बसते. ती मघाची भिंतही अशीच पडली. मालक शहरात, पाटाकडे कोणी बघितलं नाही, खाचर वाळलं. अपो म्हणतात, पाणी सोडलं की भिंत पडते.”

गांडूळ म्हणजे शेतकऱ्याचा मित्र हे मी शंभर शिबिरांत सांगितलं असेल. गप्प बसलो.

म्हणून तिथे वर्षभर पाणी राखतात. ते येतं वरच्या रानातून. त्याला मुयोंग म्हणतात. आमच्या आहुप्याची देवराई देवाची असते. मुयोंग घराण्याचं असतं, खाचरांच्या डोक्यावर राखलेलं. रान तोडलं की पाट आटतो, पाट आटला की मघाशी बघितलं ते. तरुण पोरं शहरांकडे गेली, भिंती बघायला माणूस उरेना, तेव्हा २००१ साली युनेस्कोने हा वारसा धोक्याच्या यादीत टाकला. २०१२ मध्ये त्यातून काढला. साखळीत माझ्या शेजारचे दोघे साठीच्या पुढचे होते, एवढं मी माझ्या डोळ्यांनी बघितलं.

जेवणानंतर अपोंनी पिशवीतून सुपारी, पान आणि चुना काढला. त्याला ते मोमा म्हणतात. मी पान घेतलं, चुना बेताने लावला, सुपारी ठेवली, दुमडून गालात धरली. तेव्हा कुठे त्यांनी माझ्याकडे माणूस म्हणून बघितलं. “तुमच्याकडे शेत मुलांत कसं वाटता?” पहिला प्रश्न हा.

मी सातबारा समजावून सांगितला. वीस गुंठ्यांवर सतरा नावं, आणि ताल दुरुस्तीच्या अर्जावर सतरा सह्या गोळा करताना झालेली माझी दमछाक. ते हसून चुन्याच्या डबीवर हात आपटायला लागले. इफुगाओंत, म्हणजे या डोंगरातल्या लोकांत, वडिलोपार्जित खाचर फोडत नाहीत, ते थोरल्या अपत्याकडे जातं, मुलगा असो की मुलगी. वाटाड्या तिसरा. “मला वाटेवरचे पाहुणे मिळाले,” तो म्हणाला. हसत म्हणाला, पण पुढचा बराच वेळ काही बोलला नाही. खाचर अखंड राहतं ते असं कोणाच्या तरी जिवावर. थोरली बहीण बागिओला नोकरीत, खाचर तोच कसतो.

भिंती किती जुन्या, हे मी विचारलंच. दोन हजार वर्षं, वाटाड्याने ठरल्याप्रमाणे सांगितलं. पुरातत्त्वज्ञांची अलीकडची उत्खननं मात्र वेगळं सांगतात: इथे आधी अळू पिकायचं, आणि पाण्यातलं भात एवढ्या मोठ्या प्रमाणावर आलं ते सुमारे चारशे वर्षांपूर्वी, स्पॅनिश सैन्यापुढे न झुकलेली माणसं डोंगरात एकवटली तेव्हा. मला तरी यात काही कमीपणा वाटत नाही. उलट, दहा-पंधरा पिढ्यांनी एवढं रचलं असेल तर मला माझ्या मोजमाप पुस्तकाची जास्तच लाज वाटते.

संध्याकाळपर्यंत फट निम्मी भरली. निघताना मी ती पारदर्शक नळी काढली, दोन्ही टोकांना पाणी कसं एका पातळीत येतं ते दाखवलं. अपोंनी नम्रपणे बघितलं, मग खाचराकडे बोट केलं. पाणी भरलं की जिथे माती वर डोकावते तिथून ओढायची, जिथे खोल तिथे टाकायची. पाणीच दाखवतं.

नळी मात्र त्यांना आवडली. ठेवून आलो. चढ चढून वळून बघितलं तर त्यांनी तिचं एक टोक पाटात खोचलं होतं आणि दुसऱ्या टोकाशी कोंबड्या पाणी पीत होत्या.