'मी आलो' की 'मी आले'?

भाऊ-ताईसारख्या दोन पात्रांची मनं एकमेकांच्या शरीरात जातात, असा अदलाबदलीचा भाग डबिंगला आला की पहिला प्रश्न एकच : आवाज शरीराबरोबर राहणार की मनाबरोबर जाणार? मनाबरोबर गेला तर काम सोपं. ताईच्या चित्रावर भावाचा आवाज बसवायचा, झालं. शरीरातच राहिला तर दोन्ही कलाकारांना एकमेकांचं पात्र करावं लागतं. आमच्याकडचा २२ मिनिटांचा भाग या दुसऱ्या जातीचा. त्यातही मेख अशी की मनातल्या मनात म्हटलेली वाक्यं मात्र मूळ मालकाच्या आवाजात.

घोळ क्यू शीटपासूनच सुरू झाला. शीटवर टाइमकोड, पात्र, वाक्य एवढेच रकाने. अदलाबदलीनंतर 'भाऊ' म्हणजे कोण? अनुवादकाने मन धरलं, रेकॉर्डिस्टने चित्र. कलाकार एकेकटे येऊन आपला ट्रॅक करून जातात, त्यामुळे चार मिनिटांचं काम होईपर्यंत कुणाला पत्ता नाही. सगळं पुसलं. आता 'शरीर' आणि 'मन' असे दोन रकाने आखले. माइकसमोर कोण, ते पहिल्यावरून (मनातली वाक्यं सोडून); क्रियापद कसं चालणार, ते दुसऱ्यावरून.

खरी गोम क्रियापदातच होती. मूळ इंग्रजीत 'मी'ला लिंग नाही. मराठीत तोंड उघडलं की ते बाहेर पडतंच. त्यात भाऊ दहा वर्षांचा, म्हणजे त्याचाही आवाज बाईचाच. (ही रीत जुनी आहे. अमेरिकन कार्टूनमधल्या बार्ट सिम्पसन या पोराला १९८७ पासून नॅन्सी कार्टराइट यांचा आवाज आहे. वयात येऊन फुटायची भीती नाही.) दोन बायकांच्या आवाजांत फरक तो किती? आत कोण आहे हे कळतं ते 'जातो'-'जाते'वरून. चॅनेलच्या माणसाचं म्हणणं, मुलं गोंधळतील, आवाजच बदला. मुलं नाही गोंधळत. गोंधळतात ते आवाज बंद ठेवून भाग पास करणारे.

पण क्रियापदाला ओठही लागतात. 'आलो'ला ओठ गोल होतात, 'आले'ला फाकतात. क्लोजअपमध्ये मूळ तोंड फाकलेलं असेल तर 'मी आलो' बसत नाही. तिथे वाक्य फिरवायचं : 'येतो'ऐवजी 'येणार', 'विसरलो'ऐवजी 'लक्षातच नाही राहिलं'. 'मी पाहिलं', 'मी करीन' यांना लिंगच नाही, ती कुठेही चालतात. आणि भाऊ ताई असल्याचं सोंग करतो तिथे 'मी जातो... जाते!' मूळ भागात हा विनोद नव्हताच, तो फुकटात मिळाला.

रेकॉर्डिंगचा क्रम मात्र आम्ही नीट लावला. आधी दोघींचे अदलाबदलीपूर्वीचे प्रसंग. मग भावाच्या कलाकाराने, भावाचं मन असलेली सगळी वाक्यं नुसती गाइड म्हणून वाचली. ताईच्या कलाकाराने ती हेडफोनवर ऐकायची आणि आपल्या आवाजात करायची. उचलायची ती लय, श्वासाच्या जागा, शेवट ओढायची सवय. पट्टी उचलायची नाही. पट्टी उचलली की नक्कल होते. पहिले तीन टेक नक्कलच झाले. भाऊ शेवटच्या शब्दाआधी श्वास घेतो : 'मला ना हे सगळं... नकोय.' चौथ्या टेकला तिने तेवढा एक श्वास पकडला आणि आवाज तसूभर न बदलता पोरगं आत आलं.

धापा आणि किंकाळ्यांचं काम कंटाळवाणं. संवाद वगळलेल्या म्युझिक-इफेक्ट्सच्या ट्रॅकवर मूळ कलाकारांचे हुंकार राहून गेले होते, ते एकेक शोधून कापले.

राहिला एक शॉट. बाहेरून आई विचारते, "कोण आहे आत?" ताईच्या शरीरातला भाऊ उत्तर देतो, अगदी क्लोजअपमध्ये. 'मी आलोय' म्हटलं तर आईला तिथेच कळणार, आणि कथेत तिला कळतं शेवटी. 'आलेय' म्हटलं तर भाऊच उरत नाही. म्हणून 'मीच आहे' ठेवलं. ओठांवर बसतं, कुणी हरकत घेतली नाही, कुणी हसणारही नाही. पण दार बंद असताना पोराचं एक 'आलोय' आईच्या कानावरून सहज सुटलं असतं, असं अजून वाटतं. 'आलोय'च्या शेवटी ओठही परत फाकतात.